‘रक्त पातळ करणारी गोळी’ नेमकी कोणती?

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून हृदयाच्या औषधांबद्दल आलेल्या पत्रांत एक शब्दप्रयोग पुन्हापुन्हा आहे : ‘रक्त पातळ करणारी गोळी’. दवाखान्यातही सर्रास हेच म्हटलं जातं. पण ताकात पाणी घालावं तसं या गोळ्यांनी काही होत नाही. रक्त होतं तेवढंच दाट राहतं, फक्त त्याची गुठळी धरण्याची क्षमता कमी होते. गुठळी दोन गोष्टींनी बनते. आधी प्लेटलेट नावाचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, मग रक्तातली प्रथिनं त्यावर फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणतात. वेगाने वाहणाऱ्या धमनीत, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यात, प्लेटलेटचा वाटा मोठा असतो. रक्त जिथे साचतं किंवा रेंगाळतं, म्हणजे पायाच्या शिरांत, अनियमित धडधडणाऱ्या हृदयाच्या कप्प्यात किंवा धातूच्या झडपेपाशी, तिथे जाळ्याचा वाटा मोठा असतो. म्हणून औषधांचे दोन वेगळे गट आहेत : प्लेटलेटला चिकटू न देणारी (अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर) आणि जाळं विणू न देणारी (असेनोकुमारॉल, वॉर्फरिन, डॅबिगाट्रान वगैरे). शिवाय प्रत्येक गोळीचं घड्याळ निराळं : काहींचा परिणाम बारा तासांत ओसरतो, काहींचा आठवडाभर टिकतो. खालचे बरेचसे घोळ या दोन गोष्टी एकत्र केल्यामुळे झालेले आहेत.

उत्तरं हृदयरोगतज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत. मात्रेतला कुठलाही बदल तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

प्रश्न : वडील 72 वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी झटका आला आणि स्टेंट बसवला. अ‍ॅस्पिरिन 75 आणि टिकाग्रेलॉर 90 दिवसातून दोनदा चालू आहे. दाढ काढायची आहे. दातांचे डॉक्टर म्हणतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवून या. पाच दिवसांनी काय बिघडणार आहे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बंद करू नका. चार महिन्यांच्या स्टेंटला पाच दिवस हा फार मोठा काळ आहे.

स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. रक्ताला ती परकी वाटते आणि प्लेटलेट तिच्यावर चिकटायला बघतात. कालांतराने धमनीचं आतलं अस्तर त्या तारांवर चढतं आणि धोका कमी होतो. पण आजच्या स्टेंटवर औषधाचा लेप असतो. आत पेशींची फाजील वाढ होऊन धमनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून तो असतो, आणि त्याच्यामुळे अस्तर चढायलाही वेळ लागतो. तोवर तारा उघड्या असतात. म्हणूनच झटक्यानंतर दोन्ही गोळ्या साधारण 12 महिने देतात. मध्येच थांबवल्या तर स्टेंट आतून अचानक बुजू शकतो, आणि तो झटका पहिल्यापेक्षा जीवघेणा ठरू शकतो.

आता दोन्ही गोळ्यांची घड्याळं पाहा. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधल्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, कायमचं निकामी करतं. हा विकर थ्रॉम्बॉक्सेन बनवतो, आणि थ्रॉम्बॉक्सेन म्हणजे ‘इकडे या, चिकटा’ हा प्लेटलेटचा संदेश. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवा विकर बनवता येत नाही. ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, मुकीच राहते. गोळी थांबवल्यावर रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट येतात. टिकाग्रेलॉरचं तसं नाही. ते प्लेटलेटवरच्या दुसऱ्या एका कुलपात बसतं आणि सुटूही शकतं. म्हणून ते दिवसातून दोनदा घ्यावं लागतं, आणि म्हणूनच एखाद-दुसरी मात्रा चुकली तरी संरक्षण लगेच उणावतं. सकाळची गोळी डब्यात राहून गेली हे इतर औषधांत चालून जातं, इथे नाही. क्लोपिडोग्रेल त्याच कुलपात बसतं, पण कायमचं. थांबवल्यावर त्याचा परिणाम जायला पाचेक दिवस लागतात.

दाढेचं काय? वाट पाहता येण्यासारखी असेल तर प्रतिजैविकं आणि साफसफाईवर तात्पुरतं भागवून वर्ष पूर्ण झाल्यावर काढावी. थांबता येत नसेल तर दोन्ही गोळ्या चालू ठेवूनही एक दाढ काढता येते. सकाळची वेळ घ्या, म्हणजे रक्त वाहिलं तर दिवसभर दवाखाना उघडा असतो. एका बैठकीत एकच दाढ काढा. खड्ड्यात रक्त धरून ठेवणारा स्पंज आणि वर टाके, मग कापसाची गुंडाळी दातांखाली 20 ते 30 मिनिटं न उघडता घट्ट दाबून धरायची. दर दोन मिनिटांनी काढून ‘थांबलं का’ बघितलं की धरत आलेली गुठळी निघते, आणि रक्त वाहत राहण्याचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण असतं. पाच टक्के ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने चूळ हाही चांगला उपाय आहे. पहिले 24 तास जोरात चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, गरम चहा नको. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको : ते पोटातून रक्तस्राव वाढवतात, आणि आयब्युप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनची जागा अडवून त्याला कामच करू देत नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा. टिकाग्रेलॉरबरोबर अ‍ॅस्पिरिन 75च हवं. 150 किंवा 325 दिलं तर टिकाग्रेलॉरचा फायदा घटतो असं दिसून आलं आहे. आणि ही गोळी सुरू झाल्यावर काहींना अधूनमधून श्वास पुरत नसल्यासारखं वाटतं. ते बहुधा औषधामुळेच असतं, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. घाबरून गोळी फेकून देऊ नका.

प्रश्न : मला क्लोपिडोग्रेल चालू आहे. गॅससाठी ओमेप्रॅझॉल माझं मीच घेते. चालेल ना?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ओमेप्रॅझॉल आणि इसोमेप्रॅझॉल नको, पँटोप्रॅझॉल चालेल. क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा ते निष्क्रिय असतं. यकृतातला एक विकर त्याला कामाचं बनवतो, आणि ओमेप्रॅझॉल नेमकं त्याच विकराला अडवतं. पोटासाठी काहीतरी घेणं मात्र बरोबर आहे, विशेषतः सोबत अ‍ॅस्पिरिन असेल तर. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं तर ते आतड्यातलं जुनं रक्त असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : सासूबाईंना धातूची मायट्रल झडप बसवून सहा वर्षं झाली. असेनोकुमारॉल चालू आहे. आषाढात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा; जास्त म्हणजे उशीर) 2.8 होता, श्रावणात 4.3 झाला, आणि गणपतीनंतर एकदम 1.7. गोळी एकही चुकली नाही. आमच्या इमारतीतल्या एका काकांना ‘नवी’ गोळी आहे, त्यांना तपासणीच लागत नाही. सासूबाईंना ती देता येईल का?
— एक वाचक, सानपाडा, नवी मुंबई

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं : नाही. धातूच्या झडपेला डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अ‍ॅपिक्साबान या नव्या गोळ्या द्यायच्या नसतात. डॅबिगाट्रानची अशा रुग्णांवर चाचणी घेतली गेली होती. झडपेवर गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. निकाल 2013 साली प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप फार अरुंद झालेल्यांनाही जुनीच गोळी बरी, हे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. काकांना बहुधा हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी किंवा पायातल्या गुठळीसाठी ती दिलेली असेल. तो आजारच वेगळा.

आता आयएनआर. तुम्ही महिने लिहून कळवलेत ते फार चांगलं केलंत, कारण उत्तर त्या महिन्यांतच दडलेलं दिसतं. रक्ताचं जाळं विणणाऱ्या प्रथिनांपैकी चार, म्हणजे दोन, सात, नऊ आणि दहा क्रमांकाचे घटक, यकृतात तयार होतात, आणि ती पूर्ण व्हायला व्हिटॅमिन के लागतं. वापरलेलं व्हिटॅमिन के शरीर पुन्हापुन्हा कामाला लावतं. असेनोकुमारॉल आणि तिची बहीण वॉर्फरिन या दोघी हा पुनर्वापर अडवतात. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात गोळी आणि दुसऱ्यात ताटातली पालेभाजी. सासूबाई श्रावणात पालेभाजी सोडत असतील, आणि वर सोमवार-शनिवारचे साबुदाण्याचे उपवास असतील, तर दुसरं पारडं रिकामं होतं आणि आयएनआर चढतो. साबुदाण्यात व्हिटॅमिन के जवळजवळ नसतंच. मग भाद्रपद लागतो. ऋषिपंचमीची भाजी, अळूचं फदफदं, माठ, शिवाय जांभळी नाक्यापासून वाशीपर्यंत बाजारात आलेली हिरवीगार कोथिंबीर. अर्धी वाटी शिजवलेल्या पालकातही दिवसाच्या गरजेच्या कित्येक पट व्हिटॅमिन के असतं. आयएनआर खाली येतो. गोळी तीच, मात्रा तीच, वेळही तीच.

उपाय पालेभाजी बंद करणं हा नाही, तरी बऱ्याच घरांत तोच केला जातो. पालेभाजी पूर्ण बंद केली की शरीरातला साठा आटतो, आणि मग एखाद्या दिवशी मेथीचा घोळाणा खाल्ला तरी आकडा डोलतो. उलट रोज साधारण सारखीच, म्हणा अर्धी वाटी, बाराही महिने खावी. चातुर्मासात काही सोडायचंच असेल तर वांगं सोडावं, कांदा-लसूण सोडावा. व्रतही होईल आणि आयएनआरही राहील. शाकव्रत करायचंच असेल तर ते सुरू होण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि त्या महिन्यात दर आठवड्याला तपासा.

धातूच्या मायट्रल झडपेसाठी आयएनआर साधारण 2.5 ते 3.5 ठेवतात. म्हणजे 4.3 आणि 1.7 दोन्ही चूक, पण घाई 1.7ची जास्त. 4.3ला रक्तस्राव नसेल तर डॉक्टर बहुधा एखादी मात्रा गाळतात किंवा आठवड्याची एकूण मात्रा थोडी कमी करतात. 1.7 मात्र त्याच दिवशी फोनवर कळवा. झडपेवर गुठळी धरू शकते, आणि मात्रा नीट होईपर्यंत हेपरिनची इंजेक्शनं लागू शकतात. झडपेची नेहमीची टिकटिक बोथट झाली किंवा ऐकू येईनाशी झाली, दम लागला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर फोन करत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

मात्रा बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी तपासणी करून उपयोग नाही. आधीच बनलेले घटक रक्तातून आपापल्या वेगाने जातात. सातव्या घटकाचा निम्मा हिस्सा सहा तासांत संपतो, पण दुसऱ्याला अडीच-तीन दिवस लागतात. आयएनआर आधी सातव्यामुळे हलतो, खरं संरक्षण मागून येतं. खुद्द गोळ्यांमध्येही फरक आहे : असेनोकुमारॉलचा असर दोन दिवसांत ओसरतो, वॉर्फरिनचा चार-पाच दिवसांत. म्हणून एकीच्या सूचना दुसरीला लावू नयेत.

तपासणी कशी होते तेही पाहा. फिकट निळ्या झाकणाच्या नळीत आधीच सायट्रेटचं द्रावण असतं. त्याच्या नऊ पट रक्त लागतं, म्हणजे 0.3 मिलिलिटरला 2.7. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त पडतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला येतो. शीर सापडत नसलेल्या वयस्कर बाईच्या बाबतीत हे सहज होतं. घरी येऊन रक्त घेणाऱ्याला ‘नळी पूर्ण भरली का’ एवढं विचारायला हरकत नाही. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासा. रक्त सकाळी द्या, गोळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्या. म्हणजे रिपोर्ट पाहून त्याच दिवशीची मात्रा बदलता येते.

‘एक दिवस 2 मिलिग्रॅम, एक दिवस 3’ असं लिहून दिलं असेल तर सम-विषम तारखांवर जाऊ नका. 31 तारखेनंतर 1 येते, दोन्ही विषम, आणि गाडी घसरते. वारांवर ठरवून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहून ठेवा. ही गोळी 1, 2, 3, 4 मिलिग्रॅममध्ये मिळते. औषधवाल्याने दिलेली पट्टी प्रत्येक वेळी वाचा, आणि अर्धी पट्टी घ्यायची वेळ आली तर नाव, ताकद आणि मुदत छापलेली बाजू मागून घ्या. कंपनीही मध्येच बदलू नका. जेनेरिक चालतं, पण मग तेच जेनेरिक कायम ठेवा आणि बदलल्यावर एकदा आयएनआर पाहा.

इतर औषधांचंही पारडं असतं. जुलाबांवरचं मेट्रोनिडाझॉल, लघवीच्या जंतुसंसर्गासाठीचं कोट्रायमोक्साझॉल, बुरशीसाठीचं फ्लुकोनाझॉल आयएनआर बराच चढवतात. क्षयाचं रिफाम्पिसिन उतरवतं. पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो होऊ नये म्हणून देतात त्या डॉक्सिसायक्लिननेही तो चढू शकतो. नवं औषध सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत तपासा. आणि कंबरेत इंजेक्शन घेऊ नका. अशा रुग्णाच्या स्नायूत आतल्या आत रक्त साकळून मोठी गाठ होते.

‘ही उंदराची गोळी आहे’ असं कोणी सांगितलं असेल तर ते अर्धसत्य आहे. 1920च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या चमूने त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं. त्यावरून बनलेलं वॉर्फरिन 1948मध्ये आधी उंदरांसाठी विकलं गेलं आणि 1954मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. विष की औषध हे मात्रा ठरवते, आणि मात्रा आयएनआर ठरवतो.

प्रश्न : आजी 81 वर्षांच्या. अनियमित ठोक्यांसाठी डॅबिगाट्रान 110 दोन वेळा चालू आहे. कॅप्सूल गिळता येत नाही, म्हणून उघडून मधातून देतो. आठवड्याच्या गोळ्या डबीत काढून ठेवतो. छातीत जळजळ फार होते.
— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : दोन्ही सवयी आजच थांबवा. डॅबिगाट्रान आम्लाशिवाय नीट शोषलं जात नाही, म्हणून कॅप्सूलमधले दाणे टार्टारिक आम्लाच्या गाभ्यावर बनवलेले असतात. कवच काढून दाणे दिले तर शोषण 75 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, म्हणजे आजींना नकळत जवळपास पावणेदोन पट मात्रा जाते. जळजळही त्याच आम्लामुळे असते. दुसरं, हे औषध दमटपणा सहन करत नाही. पावसाळ्यात खाडीकाठच्या आपल्या हवेत प्लास्टिकच्या डबीत ते खराब होत जातं. मूळ वेष्टनातून आयत्या वेळी काढायचं, ताठ बसून पेलाभर पाण्याबरोबर गिळायचं, आणि लगेच आडवं व्हायचं नाही.

गिळताच येत नसेल तर डॉक्टरांना अ‍ॅपिक्साबानबद्दल विचारा. ती गोळी कुटून पाण्यातून देता येते. शिवाय डॅबिगाट्रानचा जवळपास 80 टक्के हिस्सा मूत्रपिंडातून बाहेर पडतो, अ‍ॅपिक्साबानचा बराच कमी. 81व्या वर्षी हे महत्त्वाचं आहे. अ‍ॅपिक्साबानची नेहमीची मात्रा 5 मिलिग्रॅम दोनदा. वय 80 किंवा अधिक, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) 1.5 किंवा अधिक, या तीनपैकी दोन गोष्टी असतील तर 2.5. केवळ वयाकडे पाहून मात्रा अर्धी केलेली बऱ्याच चिठ्ठ्यांत दिसते, आणि तिथे पक्षाघातापासूनचं संरक्षण अर्धवट राहतं. म्हणून वजन आणि क्रिएटिनिन दोन्ही घेऊन जा.

डॅबिगाट्रान किंवा अ‍ॅपिक्साबानची मात्रा विसरली आणि पुढच्या मात्रेला सहा तासांहून जास्त वेळ असेल तर घ्या, नाहीतर सोडून द्या. दोन एकदम कधीच नको. रिव्हारोक्साबान 15 किंवा 20 घेणाऱ्यांनी ती भरल्या पोटीच घ्यावी. उपाशीपोटी शोषणच कमी होतं. एकादशीच्या रात्री फक्त दूध पिऊन घेतली तर मात्रा कागदावर पूर्ण आणि रक्तात अपुरी.

प्रश्न : अ‍ॅम्लोडिपिन 10 सुरू केल्यापासून संध्याकाळी घोटे सुजतात. ठाणे-वाशी गाडीत उभं राहून येतो म्हणून असेल असं वाटलं. आता लघवीची गोळीही दिली आहे, सूज तशीच.
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : उभं राहण्याने भर पडते, पण मूळ कारण बहुधा गोळीच. अ‍ॅम्लोडिपिन बारीक धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे त्या सैल होतात. शिरा मात्र तेवढ्या सैल होत नाहीत. आत येणारा रस्ता रुंद, बाहेर जाणारा तेवढाच, म्हणून केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी ऊतींत पाझरतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने सूज जात नाही, उलट सोडियम-पोटॅशियम घटतं. मात्रा 5वर आणणं, सोबत टेल्मिसार्टनसारखी शिराही सैल करणारी गोळी देणं किंवा सिल्निडिपिनवर जाणं हे पर्याय डॉक्टरांकडे असतात. गोळीचा परिणाम हळू उतरतो, सूज कमी व्हायला आठवडा-दोन आठवडे द्या. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते असं असेल, किंवा सुजेबरोबर दम लागत असेल, तर ती वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे.

प्रश्न : टेल्मिसार्टन 40 घेऊन बीपी सहा महिने 124/78 आहे. आता बंद करू का? आणि ‘कमी सोडियमचं’ मीठ चालू केलंय.
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : 124/78 हा गोळी चालू असतानाचा आकडा आहे. मूत्रपिंडातून सुरू होणाऱ्या एका साखळीत अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. टेल्मिसार्टन त्याची बसायची जागा अडवून ठेवतं. गोळी थांबवली की जागा मोकळी होते आणि बीपी हळूहळू जुन्या आकड्यावर जातं. वजन बरंच उतरलं असेल तर मात्रा कमी करता येते का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

ते मीठ मात्र आधी दाखवा. त्यातलं सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि टेल्मिसार्टन शरीरात पोटॅशियम राखून ठेवतं. वर मधुमेह किंवा अधू मूत्रपिंड असेल आणि रोज शहाळं असेल तर पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला हवं. उपवासाचं सैंधव सुरक्षित वाटतं, पण तेही मुख्यतः सोडियमच. साधंच मीठ कमी वापरा. पापड, लोणचं, फरसाण यांचा हिशेब त्यात धरा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांना विचारून गोळी एक-दोन दिवस थांबवावी लागते. अशा वेळी टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक असा मेळ झाला तर मूत्रपिंड बसायला वेळ लागत नाही.

मेटोप्रोलॉलसारखी ठोके संथ करणारी गोळी घेणाऱ्यांनी हे वाचून आपली गोळी अचानक थांबवू नये. तिच्या मुक्कामात शरीराने अ‍ॅड्रेनलिनच्या जागा वाढवून ठेवलेल्या असतात. एकदम थांबवली की ठोके उसळतात, छातीत दुखतं. ती पायरीपायरीने उतरवतात.

प्रश्न : मोबाइलवर येतं तसा ‘झटक्याचा संच’ खिशात ठेवावा का? अ‍ॅस्पिरिन, सॉर्बिट्रेट वगैरे.
— एक वाचक, कळवा, ठाणे

उत्तर : आधी 108ला फोन, मग गोळी. छातीवर दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ 15 मिनिटांहून जास्त टिकली तर थांबायचं नाही, आणि स्वतः गाडी चालवत घोडबंदरच्या वाहतुकीत शिरायचं नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, सध्या कुठून रक्तस्राव होत नसेल, तर 300 ते 325 मिलिग्रॅम चावून खा. घरात 75च्या असतील तर चार, त्याही चावून. या गोळ्यांवर बहुधा आतड्यात विरघळणारा लेप असतो. अख्खी गिळली तर तास जातात, चावली तर मिनिटांत काम सुरू होतं. बोलणं अडखळतंय, हात-पाय लुळा पडलाय असं असेल तर अ‍ॅस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ते घातक ठरेल. तिथे आधी सीटी स्कॅन.

सॉर्बिट्रेट 5 मिलिग्रॅम जिभेखाली विरघळून थेट रक्तात जातं आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. वाहिन्या सैल करणारा शरीराचा हा स्वतःचाच संदेश आहे. त्याच्या शोधासाठी 1998चं नोबेल दिलं गेलं. शिरा सैल झाल्या की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि त्याचा भार उतरतो. पण त्याचबरोबर बीपीही उतरतं. वरचा आकडा 100च्या खाली असेल किंवा माणूस गार, घामेजलेला, भोवळत असेल तर देऊ नका. 24 तासांत सिल्डेनाफिल किंवा 48 तासांत टाडालाफिल (पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्या) घेतलं असेल तर अजिबात नाही, बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. हा प्रश्न लाजेखातर विचारला जात नाही, म्हणून घरच्यांनी तो स्पष्ट विचारावा. गोळी बसून घ्यावी, उभ्याने नाही. ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यांनीच ती खिशात बाळगावी.

आणि हेही लक्षात असू द्या : यातली कुठलीच गोळी झालेली गुठळी विरघळवत नाही, फक्त ती वाढू देत नाही. विरघळवायला टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज शिरेतून द्यावं लागतं. ही औषधं रक्तातल्याच प्लाझमिनोजेनचं प्लाझमिन करतात आणि प्लाझमिन फायब्रिनचे धागे कापतं. किंवा मग थेट अँजिओप्लास्टी. 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल तर आधी हे इंजेक्शन, असा साधारण नियम आहे. म्हणून ‘गोळी घेतली, बघू सकाळपर्यंत’ म्हणून गेलेला प्रत्येक तास हृदयाच्या स्नायूतून वजा होतो.

प्रश्न : अ‍ॅटोरव्हास्टॅटिन रात्रीच घ्यायची का? कोलेस्टेरॉल आता नॉर्मल आहे. आणि पपनस चालतं का?
— एक वाचक, बेलापूर, नवी मुंबई

उत्तर : यकृत रात्री जास्त कोलेस्टेरॉल बनवतं, म्हणून लवकर ओसरणारं सिम्व्हास्टॅटिन रात्री देतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दीर्घकाळ टिकतात. जी वेळ चुकत नाही ती तुमची वेळ. आकडा नॉर्मल आहे तो गोळीमुळे. थांबवली तर काही आठवड्यांत परत चढतो, आणि धमनीतल्या चरबीच्या थराला मिळालेला पक्केपणाही जातो. मांड्या-दंड विनाकारण दुखू लागले आणि लघवी गडद झाली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. पपनस हे ग्रेपफ्रूटचं पूर्वज फळ. दोन्हींत या गोळीचा निचरा करणाऱ्या आतड्यातल्या विकराला अडवणारी द्रव्यं असतात. गणपतीतल्या दोन फोडींनी काही होत नाही, रोज पेलाभर रस नको.

प्रश्न : मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, अ‍ॅस्पिरिन चालू आहे. तीन दिवस ताप आहे, आमच्या सेक्टरमध्ये डेंग्यूचे रुग्ण आहेत. अ‍ॅस्पिरिन बंद करू का?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : आज सकाळीच रक्त तपासा आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा. निर्णय प्लेटलेटच्या आकड्यावर आणि स्टेंट किती जुना आहे त्यावर होतो. डेंग्यूत प्लेटलेट घटतात, आणि ज्या उरतात त्यांना अ‍ॅस्पिरिनने मुकं केलेलं असतं. दोन वर्षांच्या स्टेंटला काही दिवस अ‍ॅस्पिरिन थांबवणं डॉक्टर बहुधा मान्य करतात. पण स्टेंट नवा असेल किंवा धातूची झडप असेल तर अशा रुग्णाला दाखल करूनच तोल सांभाळावा लागतो. वॉर्फरिनसारख्या गोळ्यांचा फेरविचार प्लेटलेट साधारण 50,000च्या खाली गेल्यावर करतात.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, 500 किंवा 650, दोन गोळ्यांत किमान सहा तास. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, डायक्लोफिनॅक नको. ताप उतरल्यावरचे दोन दिवस जास्त जपायचे, कारण रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा धोका तेव्हाच असतो : पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, गळाठा. अ‍ॅस्पिरिन थांबवलं तर परत कधी सुरू करायचं ती तारीख त्याच वेळी चिठ्ठीवर लिहून घ्या. ताप जातो, घरचे दमलेले असतात, आणि थांबवलेली गोळी थांबलेलीच राहते.